परत केलेल्या भाड्याच्या गाडीवर मागाहून दाखवलेले नुकसान: दावा कसा तपासावा आणि उत्तर कसे द्यावे?

लांबपल्ला

सहा दिवसांसाठी भाड्याने घेतलेली गाडी मी ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटे आधी परत केली. तिथल्या कर्मचाऱ्याने हातातल्या यंत्रावर किलोमीटरचा आकडा आणि इंधनाची पातळी नोंदवली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पावती छापून दिली. पावतीवरचा नुकसानीचा रकाना कोरा होता. त्यानंतर अकराव्या दिवशी कंपनीची ईमेल आली. मागच्या डाव्या दारावर वीतभर लांबीचा ओरखडा आणि त्याच्या टोकाला पोचा आढळल्याचे तिच्यात म्हटले आहे. दुरुस्ती, रंगकाम, गाडी चार दिवस उभी राहिल्याची भरपाई आणि प्रकरण हाताळण्याचे शुल्क अशी सगळी मिळून त्यांनी जी रक्कम मांडली आहे, ती माझ्या सहा दिवसांच्या भाड्याच्या दुपटीहून अधिक भरते. चौदा दिवसांत उत्तर न आल्यास ही रक्कम गाडी घेताना दिलेल्या क्रेडिट कार्डावरून वळती केली जाईल, असेही शेवटी लिहिले आहे.

सोबत दोन फोटो आहेत. दोन्ही इतक्या जवळून काढलेले आहेत की ते दार कोणत्या गाडीचे, हेसुद्धा सांगता येऊ नये. नंबरप्लेट नाही, तारीख नाही, वेळ नाही.

माझी बाजू पूर्ण भक्कम नाही, हे आधीच सांगून टाकतो. गाडी ताब्यात मिळाली तेव्हा ती तळघरातल्या वाहनतळात डाव्या बाजूने भिंतीला खेटून उभी होती. मी पुढचे, मागचे आणि उजव्या बाजूचे फोटो काढले. डावी बाजू बाहेर उजेडात टिपू म्हणालो आणि ते राहूनच गेले. गाडी घेतानाच्या तपासणीपत्रकावर डाव्या बाजूला एकही खूण नाही आणि त्याखाली माझी सही आहे. परत करताना सामान उतरवताना घरच्यांनी सहज काढलेला एक फोटो तेवढा आहे, त्यात मागचे डावे दार तिरके दिसते. माझ्या हातून काही झालेले नाही याची मला खात्री आहे. ती खात्री कागदावर कशी उतरवायची, एवढाच माझा प्रश्न आहे.

चौकसबुद्धी

पहिल्या उत्तरात आपल्या प्रामाणिकपणाची ग्वाही देऊ नका. ती सगळेच देतात आणि ती वाचणाऱ्याला त्यातून काहीच ठरवता येत नाही. इथे प्रश्न तीन आहेत आणि अशा पत्रांत ते मुद्दाम म्हणा की सवयीने म्हणा, एकमेकांत गुंतवलेले असतात. नुकसान तुमच्या ताब्याच्या काळात झाले का, हा पहिला. झाले असेल तर करारानुसार त्याची जबाबदारी तुमच्यावर किती येते, हा दुसरा. आणि मागितलेली रक्कम खरोखर खर्च झाली आहे का किंवा व्हायची आहे का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत रकमेवर घासाघीस करायला जाऊ नका, कारण 'थोडे कमी करा' म्हटले की नुकसान तुम्हीच केले हे मान्य केल्यासारखे होते.

उत्तर आजच द्या, थोडक्यात द्या आणि लेखीच द्या. ही मागणी मला मान्य नाही आणि ती वादग्रस्त असेपर्यंत कार्डावरून कोणतीही रक्कम घेण्यास माझी संमती नाही, ही दोन वाक्ये त्यात आलीच पाहिजेत. त्यापुढे कागद मागा: दोन्ही वेळची तपासणीपत्रके, नुकसानीच्या फोटोंच्या मूळ फाइली, ते कोणी, कधी आणि कुठे काढले याची नोंद, दुरुस्तीचा अंदाज आणि काम झाले असल्यास बिल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुम्ही किल्ली दिल्यापासून नुकसान नोंदवेपर्यंत ती गाडी कुठे होती आणि कोणाच्या हातात होती, याचा तपशील मागा. फोन आला तर बोला, पण त्याच दिवशी 'आपले असे बोलणे झाले' म्हणून ईमेल पाठवून ठेवा.

खिडकीपलीकडे

मी काही वर्षे अशाच एका काउंटरच्या आतल्या बाजूला बसत होतो, त्यामुळे तिकडचे चित्र सांगतो. परतीच्या जागी मिळणारी पावती ही बहुधा भाड्याचा हिशेब बंद झाल्याची पावती असते. खरी तपासणी गाडी धुतल्यावर होते आणि तशी तरतूद करारात बारीक अक्षरांत असते. धुळीने माखलेल्या किंवा पावसात भिजलेल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, हे खरेच आहे. पण मधल्या वेळात गाडी धुण्याच्या जागी नेणारा एक, तिथून रांगेत लावणारा दुसरा आणि कधी कधी दुसऱ्या शाखेत पोहोचवणारा तिसरा, असे तीन-चार चालक तिच्यावर बसून उठलेले असतात. नव्या तपासनिसाला ओरखडा दिसला की तो यंत्रात नोंदवतो आणि यंत्रणा ती नोंद शेवटच्या ग्राहकाच्या कराराला जोडून मोकळी होते. आपल्याला गाठून लुबाडले जात आहे, असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे, पण मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत कोणी काही कट केलेला नव्हता. फक्त मधल्या वेळाचा हिशेब कोणीही मागत नसे. मागणारा भेटला की फाइल वरिष्ठांकडे जायची.

आणखी एक गोष्ट विचारा. पुष्कळ कंपन्यांकडे पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी असते आणि तिच्यावर वर्तुळे व रेषा छापलेल्या असतात. त्या मापात बसणारे बारीक ओरखडे ही वापरातली झीज मानली जाते आणि त्याचे पैसे लावले जात नाहीत. तुमचा ओरखडा वीतभर असल्याने त्या मापात बसणार नाही. तरीही मापनाची नोंद आहे का, हे विचारायला हरकत नाही. नोंदच नसेल तर तपासणी कशी झाली, हे त्यावरूनच कळते.

मिताक्षरी

एवढा खटाटोप कशासाठी? वेगळा विमा काढला असेल तर पैसे भरून टाका आणि विमा कंपनीकडून वसूल करा.

लांबपल्ला

वेगळा विमा मी काढलेला नाही. भाड्यातच कंपनीची नुकसानमाफी धरलेली होती, पण ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम ग्राहकाने सोसायची असे त्यात आहे आणि ही मागणी त्या मर्यादेच्या थोडी आतच बसते. हा योगायोग असेलही.

चौकसबुद्धी

मिताक्षरी यांचा सल्ला ज्यांनी वेगळा विमा काढला आहे त्यांच्यापुरता ठीक आहे, पण तोही सरसकट नाही. काउंटरवर जी नुकसानमाफी विकली जाते ती बहुतेक ठिकाणी विमा नसतेच. ठरलेल्या मर्यादेपलीकडचे पैसे आम्ही तुमच्याकडून मागणार नाही, एवढे ते कंपनीचे वचन असते आणि त्याला अपवाद असतात. टायर, काचा, छत, गाडीचा तळ, आतली बैठक आणि क्लच यांना ती माफी अनेकदा लागू होत नाही. करारात नाव नसलेल्या व्यक्तीने गाडी चालवली किंवा मनाई असलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर पूर्ण माफीच रद्द होते. बाहेरून काढलेला विमा याउलट चालतो: आधी कंपनीला तुम्ही पैसे द्यायचे आणि मग करार, दोन्ही तपासणीपत्रके, दुरुस्तीचे बिल आणि कार्डाचे विवरण जोडून ते परत मागायचे. म्हणजे कागद तिथेही लागणारच. शिवाय न केलेल्या नुकसानीचे पैसे कोण भरतो यावरून ते नुकसान कोणी केले हे ठरत नसते, असे माझे मत आहे.

गॅरेजवाला

डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. फोटो न पाहता निकाल देणार नाही, पण फोटोत काय पाहायचे ते सांगतो.

कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे कागदाच्या एक-दीड पानाएवढा. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. ओरखड्यावरून नख आडवे फिरवले आणि ते अडकले नाही, किंवा पाणी लावल्यावर ओरखडा दिसेनासा झाला, तर तो वरच्या थरातच आहे आणि बफिंगने जातो. त्यासाठी पूर्ण दार रंगवण्याचे बिल लावणे योग्य नाही. नख अडकत असेल आणि आतला राखाडी प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल, तर मात्र रंग द्यावाच लागतो, आणि छटा जुळावी म्हणून शेजारच्या भागावरही थोडा फवारा घ्यावा लागतो. त्यामुळे बिलात शेजारचा भाग दिसला म्हणून लगेच फसवणूक समजू नका.

ओरखडा पत्र्यापर्यंत गेला असेल तर त्याचा रंग बघा. उघडा पडलेला पोलादी पत्रा दमट हवेत काही दिवसांतच तांबूस होतो. तपासणी परतीच्या दुसऱ्याच दिवशी झाली असे कंपनी म्हणत असेल आणि फोटोतल्या ओरखड्यात मुरलेला गंज दिसत असेल, तर तो ओरखडा तुमच्या परतीच्या दिवशी पडलेला नाही, त्याच्या बऱ्याच आधीचा आहे. उलट पत्रा चकचकीत दिसला तर तो ताजा. प्लास्टिकच्या बंपरवर किंवा ॲल्युमिनियमच्या भागावर ही खूण चालत नाही.

तुमचा तो सामान उतरवतानाचा फोटो टाकून देऊ नका. दारात समोरची एखादी सरळ गोष्ट उमटली आहे का पाहा: जमिनीवरचा पांढरा पट्टा, खांब, भिंतीची कड, काहीही. पोचा असेल तिथे प्रतिबिंबातली सरळ रेघ वाकते किंवा तुटते. आम्ही रंग न काढता पोचा उठवतो तेव्हा पट्ट्यांची पाटी समोर धरून हेच बघत असतो. डोळ्याला न दिसणारा खड्डासुद्धा त्या रेघांत पकडला जातो.

लांबपल्ला

गॅरेजवाला, मनापासून आभार. मूळ फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. दाराच्या खालच्या अर्ध्या भागात वाहनतळाच्या जमिनीवरचा पिवळा पट्टा उमटला आहे आणि मुठीपासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत तो अखंड, सरळ गेला आहे. कंपनीने दाखवलेला पोचा बरोबर त्या मधल्या जागेवर आहे. फोटोची वेळ परतीच्या पावतीच्या आधी चार मिनिटांची आहे.

हिशेबनीस

तो फोटो कंपनीला पाठवताना एक काळजी घ्या. संदेशांच्या ॲपमधून नेहमीच्या रीतीने फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्याच्या आत दडलेली तारीख, वेळ व ठिकाण यांची माहिती सहसा गळून पडते. मूळ फाइल ईमेलला जोडा, आणि तिची प्रत दुसरीकडेही ठेवा. फाइलमधली वेळ बदलता येते, असा आक्षेप कोणी घेतला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणूनच पुढच्या वेळी गाडी परत केल्या जागेवरूनच दोन-चार फोटो कंपनीच्याच पत्त्यावर पाठवून द्यावेत. ती ईमेल किती वाजता पोहोचली, हे मग दोन्हीकडे नोंदलेले राहते.

आता कार्डाविषयी. सुरुवातीला कार्डावर जी रक्कम अडकवून ठेवली जाते ती खर्च झालेली नसते. ती नुसती राखून ठेवलेली असते. तिचा प्रत्यक्ष खर्च पडला की तो वेगळा व्यवहार म्हणून विवरणात येतो, आणि हरकत घ्यायची ती त्या व्यवहारावर. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत बहुतेक प्रकारच्या वादांसाठी १२० दिवसांची मुदत असते, पण तिच्या टोकापर्यंत थांबू नका, कारण बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते. टोलचा दंड किंवा कमी भरलेले इंधन यांसारख्या ठरलेल्या रकमा आणि वादग्रस्त नुकसानीची रक्कम यांत फरक आहे, आणि 'नुकसान कळवल्यानंतर मी त्या विशिष्ट रकमेला संमती दिलेली नाही' हा तुमचा मुख्य मुद्दा राहील. बँकेला गोष्ट सांगू नका. कोरा रकाना असलेली पावती, हरकतीचे पत्र आणि कंपनीचे उत्तर, एवढे तीन कागद तारखेप्रमाणे लावून द्या.

एक कटू गोष्टही सांगून ठेवतो. बँकेने पैसे परत फिरवले म्हणजे देणे संपले असे होत नाही. कंपनी वसुलीसाठी दुसरा मार्ग धरू शकते आणि पुन्हा गाडी देण्याचे नाकारू शकते. कार्ड बंद करून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. त्यानेही दावा तसाच राहतो, फक्त त्याची खबर तुम्हाला उशिरा लागते.

पाऊलखुणा

माझे प्रकरण उलट होते. चूक माझीच होती. कडेच्या दगडावर चाक घासून टायरची बाजू फाटली आणि मी ते परत करतानाच सांगितले. कंपनीने नव्या टायरची पूर्ण किंमत लावली. मी जबाबदारी नाकारली नाही. हिशेब तेवढा मागितला. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि पुष्कळ देशांत १.६ मिलिमीटरच्या खाली टायर वापरता येत नाही, म्हणजे झिजायला उपलब्ध असते ती ६.४ मिलिमीटर. फाटलेल्या टायरवर ४ मिलिमीटर नक्षी उरली होती, म्हणजे वापरण्याजोगी २.४. तेव्हा मी कंपनीचे नुकसान केले ते टायरच्या किमतीच्या ३७.५ टक्के, अधिक बसवण्याची मजुरी. मोजपट्टी लावून काढलेला फोटो जोडला होता. त्यांनी निम्मी किंमत घेतली आणि मी ती दिली. पूर्ण विजय नव्हे, पण चूक माझी असताना त्यापुढे ताणणे मला बरे वाटले नाही.

गाडी उभी राहिल्याच्या भरपाईबद्दलही असेच आहे. बिलात मजुरी तीन तासांची आणि उभी राहिल्याचे दिवस चार, असे असेल तर उरलेला वेळ गाडी कशाची वाट पाहत होती, हे विचारायला हवे. त्या दिवसांत त्यांच्याकडे त्याच वर्गातल्या इतर गाड्या रिकाम्या असतील, तर भाडे बुडाले असे म्हणणे अवघड जाते. काही करारांत मात्र हे सिद्ध करण्याची गरज नाही असे कलम घातलेले असते, तेव्हा करार वाचल्याशिवाय हा मुद्दा काढू नका.

लांबपल्ला

कंपनीचे उत्तर आले. मागितलेल्या कागदांपैकी निम्मेच मिळाले, पण मी न मागितलेली एक गोष्टही त्यांच्याबरोबर आली. नुकसानीच्या मूळ फोटोंबरोबर तपासनिसाने काढलेला गाडीच्या आतल्या आकड्यांचा फोटोही त्यांनी पाठवला आहे. माझ्या परतीच्या पावतीवर २३,३८१ किलोमीटर आहेत. त्या फोटोत २३,४१८ दिसतात. किल्ली दिल्यानंतर गाडी ३७ किलोमीटर चालली आहे, आणि तपासणीची तारीख माझ्या परतीनंतर तिसऱ्या दिवसाची आहे.

दुरुस्तीचे बिल पाठवलेले नाही. फक्त अंदाजपत्रक आहे आणि त्यात 'मागचे डावे दार बदलणे' असे लिहिले आहे.

गॅरेजवाला

वीतभर ओरखडा आणि उथळ पोचा यांसाठी दार बदलत नाहीत. पोचा उठवायचा, गरज असेल तिथे लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायचे आणि रंगवायचे. दार कडेला दुमडले असेल किंवा आतली चौकट वाकली असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या वर्णनात तसे काही नाही. काढलेले जुने दार आणि नव्या दाराचे खरेदीबिल दाखवा म्हणा.

खिडकीपलीकडे

३७ किलोमीटर हे धुण्याच्या जागेपर्यंतचे अंतर असूच शकत नाही, असे मी म्हणणार नाही. कुठे कुठे ती जागा खरेच लांब असते. पण तुम्हाला ते सिद्ध करायचे नाही. गाडी माझ्या ताब्यातून गेल्यानंतर तीन दिवस आणि ३७ किलोमीटर दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होती, एवढे त्यांच्याच कागदांवरून दिसते, आणि त्या काळाची नोंद आता त्यांनी द्यायची आहे. पत्रात आरोपाचा सूर आणू नका. ते पत्र वाचणारा माणूस ओरखडा पाडणाऱ्या चालकाला ओळखतसुद्धा नसतो, आणि त्याला दावा मागे घेण्यासाठी फाइलमध्ये एक सभ्य कारण लागते. ते कारण तुम्ही त्याला लिहून द्या.

किल्ली पेटीत टाकून जाणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो: कार्यालय उघडून गाडी तपासली जाईपर्यंत ती तुमच्याच जबाबदारीवर, असे कलम बहुतेक करारांत असते. तशा वेळी हा किलोमीटरचा मुद्दा टिकेल, पण रात्री उभ्या गाडीला कोणी घासून गेले तर तुमच्याकडे बोलायला फारसे काही उरत नाही. शक्य असेल तर माणूस हजर असतानाच गाडी द्यावी.

लांबपल्ला

पत्र गेले. एका पानात चार परिच्छेद केले: परतीच्या पावतीवरचा कोरा रकाना, चार मिनिटे आधीचा फोटो आणि त्यातला सरळ पट्टा, दोन आकड्यांमधला ३७ किलोमीटरचा फरक, आणि दाराच्या बदलाचे बिल दाखवण्याची विनंती. डाव्या बाजूचे फोटो गाडी घेताना मी काढले नव्हते, हेही मी लपवले नाही, कारण त्यांनी ते काढून दाखवण्यापेक्षा मी सांगितलेले बरे वाटले.

पाच दिवसांनी आलेल्या उत्तरात दुरुस्ती आणि उभ्या दिवसांची रक्कम वगळली होती, पण प्रकरण हाताळण्याचे शुल्क तसेच ठेवले होते. ज्या नुकसानीची जबाबदारी माझ्यावर नाही त्या नुकसानीचे प्रकरण हाताळण्याचे शुल्क माझ्याकडून कोणत्या कलमाखाली घेता, एवढी एकच ओळ मी परत पाठवली. काल दावा पूर्ण मागे घेतल्याचे कळवले आहे. कारण 'ग्राहकाप्रती सद्भावना' असे लिहिले आहे. पिवळ्या पट्ट्याचा किंवा किलोमीटरचा त्यात उल्लेख नाही. माझ्या नावावरची नुकसानीची नोंद काढून टाकल्याचे वेगळे पत्र द्या, असे मी लिहिले आहे.

गाडी घेताना कार्डावर अडकवलेली अनामत मात्र अजून सुटलेली नाही. हिशेबनीस, ती कंपनीने सोडायची की बँकेने, आणि पहिले पत्र कोणाला लिहू?

हिशेबनीस

सोडायची कंपनीने, मोकळी दाखवायची बँकेने. दावा मागे घेतल्याची ईमेल दोघांनाही एकाच वेळी पाठवा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरणार नाही.